‘ॲडमसन जोड’ ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते डॅनिएल ॲडमसन कोण होते?

निखारा (मूळ प्रश्न)

बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या पुस्तकांत लँकेशायर बॉयलरचा (आतून दोन मोठे नळ जाणाऱ्या आडव्या बॉयलरचा) धडा आला की ‘ॲडमसन जोड’, म्हणजे त्या नळांचे तुकडे एकमेकांना जोडण्याची रीत, हमखास येतो. आकृती काढा, भागांना नावे द्या आणि दोन फायदे सांगा, असा प्रश्न ठरलेला असतो आणि त्याचे उत्तरही मुलांना तोंडपाठ असते. मात्र हा ॲडमसन कोण, कोणत्या काळातला आणि त्याला हा जोड करण्याची गरज का पडली, याबद्दल या पुस्तकांत एक ओळही सापडत नाही.

मी थोडी शोधाशोध केली, तेव्हा गोंधळ वाढलाच. मँचेस्टर शिप कॅनॉल म्हणजे मँचेस्टरपर्यंत समुद्री जहाजे आणणारा जो कालवा १८९४ मध्ये सुरू झाला, त्याच्या इतिहासात डॅनिएल ॲडमसन हे नाव पहिल्याच पानावर येते. पोलाद उद्योगाच्या इतिहासातही याच नावाचा एक कारखानदार भेटतो. ही सगळी माणसे एकच आहेत का, की नावांचा योगायोग आहे? एकच असतील, तर बॉयलर बनवणाऱ्या माणसाला कालवा खणण्याच्या भानगडीत पडण्याचे कारण काय? आणि आमच्यासारख्या तांत्रिक बाजूने पाहणाऱ्यांना त्यांचे नेमके मोठेपण कशात मानावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगितल्यास आभारी राहीन.

कागदपत्रे (प्रतिसाद)

तिन्ही ठिकाणी भेटणारी व्यक्ती एकच आहे. त्यांचे आयुष्य सलग सांगितल्याशिवाय आपल्या प्रश्नाचे उत्तर पुरे होणार नाही, म्हणून प्रतिसाद लांबतो आहे.

डॅनिएल ॲडमसन यांचा जन्म ३० एप्रिल १८२० रोजी इंग्लंडच्या ईशान्येकडील डरहॅम परगण्यात शिल्डन या गावी झाला. पंधरा भावंडांत त्यांचा क्रमांक तेरावा होता. वडिलांचे नावही डॅनिएलच. त्यांची ‘ग्रे हॉर्स’ नावाची खानावळवजा दारूचा गुत्ता होता आणि त्याच्या जोडीला ते रुळांवरून घोड्यांनी ओढली जाणारी प्रवासी गाडी चालवत. हे वाचताना जरा थांबून त्या काळाचा विचार करावा. स्टॉकटन अँड डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली सप्टेंबर १८२५ मध्ये. त्या दिवशी वाफेच्या इंजिनाने गाडी ओढायला सुरुवात केली ती शिल्डनहूनच. पुढची काही वर्षे मात्र त्याच रुळांवर कोळशाच्या गाड्या इंजिने ओढत आणि प्रवाशांची ने-आण पुष्कळदा घोडेच करत. म्हणजे बापाचा धंदा घोड्यांवर चाललेला असताना त्याच गावच्या रेल्वे कारखान्यात घोड्यांची गरज संपवणारी यंत्रे तयार होत होती, आणि मुलगा शिकायला गेला तो त्या कारखान्यात.

तेराव्या वर्षापर्यंत त्यांनी क्वेकर पंथीयांच्या शाळेत शिक्षण घेतले आणि त्यानंतर टिमोथी हॅकवर्थ यांच्या हाताखाली उमेदवारी केली. हॅकवर्थ हे रेल्वेच्या इतिहासात स्टीफन्सन पितापुत्रांच्या सावलीत राहून गेलेले नाव आहे, पण इंजिन रोजच्या रोज चालते ठेवण्याची कला त्यांच्याइतकी त्या वेळी फार थोड्यांना साधली होती. त्यांचे ‘रॉयल जॉर्ज’ हे १८२७ चे इंजिन अवजड मालगाड्या ओढण्याच्या बाबतीत त्या रेल्वेला मोठा दिलासा देणारे ठरले. १८२९ मध्ये रेनहिल येथे झालेल्या रेल्वे इंजिनांच्या स्पर्धेत त्यांचे ‘सान्स पॅरेल’ उतरले होते. हॅकवर्थ मुळात बॉयलर करणाऱ्यांच्या घरातले. इंजिनाचे सगळे यशापयश वाफ तयार करणाऱ्या भांड्यावर ठरते, ही दृष्टी ॲडमसन यांना तिथेच मिळाली, असे मला त्यांच्या पुढच्या कामाकडे पाहून वाटते.

शिल्डनमध्येच नकाशे काढणारा, मग स्थिर इंजिनांचा देखरेख करणारा आणि शेवटी कारखान्याचा व्यवस्थापक अशा पायऱ्या चढून १८५० मध्ये ते स्टॉकपोर्ट येथील एका ओतशाळेचे व्यवस्थापक झाले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी मँचेस्टरच्या पूर्वेला हाइड आणि ड्युकिनफील्ड या गावांच्या मधल्या न्यूटन मूर भागात स्वतःचा कारखाना काढला. जागा अगदी विचारपूर्वक निवडलेली होती. आसपास कापसाच्या गिरण्यांची दाटी होती आणि प्रत्येक गिरणीला इंजिन व बॉयलर हवाच होता. आरंभी त्यांनी गुरूच्या धाटणीची यंत्रे केली, पण १८५२ मध्ये ज्या जोडाचे पेटंट घेतले, त्यानेच त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत शिरले. त्यांच्या नावावर एकूण एकोणीस पेटंटे आहेत.

त्यानंतरचा टप्पा पोलादाचा. हेन्री बेसेमर यांनी वितळलेल्या कच्च्या लोखंडातून हवा फुंकून पोलाद करण्याची आपली पद्धत १८५६ मध्ये जाहीर केली आणि पहिल्या उत्साहानंतर ती बहुतेकांच्या हाती अपयशी ठरली, कारण स्फुरदयुक्त कच्च्या लोखंडाचे पोलाद ठिसूळ निघत असे. अशा वेळी बॉयलरसाठी बेसेमरचे पोलाद वापरण्याची तयारी दाखवणाऱ्या अगदी पहिल्या कारखानदारांत ॲडमसन होते. १८६० च्या आसपास त्यांच्या कारखान्यातून पोलादी पत्र्यांचे बॉयलर बाहेर पडू लागले. त्या काळी बॉयलर म्हणजे घडीव लोखंडाचाच, अशी सर्वांची ठाम समजूत होती. बॉयलर फुटला की माणसे मरत, गिरणीची भिंत कोसळे आणि ज्याने नवा पत्रा वापरला त्याच्याकडे बोट दाखवले जाई. त्यामुळे हे धाडस केवळ व्यापारी नव्हते. १८६३ मध्ये यॉर्कशायरमधील पेनिस्टोन येथे केवळ बेसेमर पद्धतीवर चालणारा पोलाद कारखाना उभारण्यात त्यांचा भाग होता. तो लवकरच चार्ल्स कॅमेल यांच्या कंपनीकडे गेला. लिंकनशायरमधील फ्रॉडिंगहॅम येथे खनिज लोखंड सापडल्यावर तिथे भट्ट्या उभारणाऱ्या नॉर्थ लिंकनशायर आयर्न कंपनीतही ते अग्रभागी होते.

पोलाद नुसते वापरून ते थांबले नाहीत. वेगवेगळ्या प्रकारच्या लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या ताणून, वाकवून, तापवून तपासण्याचा त्यांना नाद होता, आणि घडीव लोखंड व मृदू पोलाद यांच्या गुणधर्मांवरचा त्यांचा निबंध आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटच्या १८७८ च्या पॅरिस अधिवेशनात मांडला गेला. याच संस्थेचे ते १८८७ मध्ये अध्यक्ष झाले आणि १८८८ मध्ये त्यांना बेसेमर सुवर्णपदक मिळाले. वाफ एकाच सिलिंडरात न संपवता टप्प्याटप्प्याने तीन व चार सिलिंडरांत पसरवणारी इंजिनेही त्यांनी इतरांच्या बरीच आधी करून पाहिली. व्यवसाय वाढल्यावर १८७० च्या दशकात ड्युकिनफील्डमध्ये अधिक मोठा कारखाना उभा राहिला. १३ जानेवारी १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

कालव्याबद्दल इथे अधिक जाणणारे सदस्य आहेत, त्यांनी लिहावे.

तिसरी पाळी

वरचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे. मी फक्त त्या जोडाबद्दल लिहितो, कारण परीक्षेतले ‘दोन फायदे’ वाचून त्याची खरी करामत लक्षात येत नाही. लँकेशायर बॉयलरवर काम केलेली आमची पिढी आता निवृत्त झाली आहे आणि नवीन मुलांनी तो बॉयलर बहुधा चित्रातच पाहिलेला असतो, म्हणून थोडे मुळापासून सांगतो.

साधारण तीस फूट लांब आणि सात ते आठ फूट व्यासाचे आडवे पिंप डोळ्यांसमोर आणावे. त्याच्या आतून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोन मोठे नळ जातात. त्यांना फ्लू म्हणतात. नळांच्या पुढच्या तोंडाशी कोळशाची भट्टी असते, धूर व ज्वाला नळातून मागे जातात आणि नळांभोवती पाणी असते. एकच नळ असलेला तो कॉर्निश बॉयलर. दोन नळांच्या बॉयलरचे पेटंट विल्यम फेअरबर्न आणि जॉन हेदरिंग्टन यांनी १८४४ मध्ये मँचेस्टरमध्ये घेतले. दोन भट्ट्या असल्या की आळीपाळीने कोळसा टाकता येतो. एकीत नुकताच टाकलेला कोळसा धूर सोडत असताना दुसरी रसरसलेली असते आणि पुढे दोन्हींचे वायू एकत्र आल्यावर तो धूर बराचसा जळून जातो.

आता अडचण अशी की बाहेरच्या पिंपावर वाफेचा दाब आतून बाहेर असतो, तर फ्लूवर तो बाहेरून आत असतो. आतून दाब आला तर गोल पिंप आपला गोलपणा टिकवून धरते. बाहेरून दाब आला आणि नळ जरासा जरी चपटा झालेला असला, तर तो आणखी चपटा होत जातो आणि एका क्षणी आत दबून फाटतो. नळ जितका लांब, तितका तो लवकर दबतो, हे फेअरबर्न यांनी प्रयोग करून १८५८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. तोवर अनेकांचा समज असा होता की नळाच्या लांबीचा त्याच्या ताकदीशी संबंध नाही. ॲडमसन यांचे पेटंट या प्रयोगांच्या सहा वर्षे आधीचे आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सूत्र कागदावर येण्यापूर्वीच कारखान्यातल्या माणसाला उपाय सापडला होता.

पूर्वी नळाचे तुकडे एकमेकांवर चढवून, म्हणजे लॅप देऊन, रिव्हेट ठोकत. त्यामुळे दुहेरी जाडीचा पत्रा आणि रिव्हेटची डोकी थेट ज्वाळेत येत. दुहेरी पत्र्यातून उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, तिथला भाग जास्त तापतो, रिव्हेट सैल होतात आणि गळती सुरू होते. ॲडमसन यांनी नळाचे आखूड तुकडे घेतले, प्रत्येक तुकड्याचे टोक गोलाई देऊन बाहेरच्या बाजूला, म्हणजे पाण्याच्या बाजूला, काटकोनात वळवले, दोन वळवलेल्या कडांच्या मध्ये एक सपाट लोखंडी कडे घातले आणि तिन्हींना मिळून रिव्हेट मारले. याने एका दगडात बरेच पक्षी मारले गेले. रिव्हेट आगीपासून दूर, पाण्यात गेले. बाहेर उभी राहिलेली कड नळाला दर तीन-चार फुटांवर कंबरपट्ट्यासारखी आवळून धरू लागली, त्यामुळे तीस फुटांचा नळ दाबाच्या दृष्टीने आखूड नळांची मालिका झाला. मधल्या कड्यामुळे जोडाची कड ठोकून घट्ट करणे सोपे झाले. शिवाय फ्लू बाहेरच्या पिंपापेक्षा जास्त तापतो आणि जास्त वाढतो. ती वाढ वळवलेल्या कडेच्या गोलाईत थोडी सामावली जाते, नाही तर सगळा जोर पुढच्या-मागच्या झाकणांवर येतो. परीक्षेत विद्यार्थी आकृतीत गोलाईच्या जागी काटकोन काढून मोकळे होतात आणि मग प्रसरणाचा मुद्दा कुठून आला हे त्यांना सांगता येत नाही.

वार्षिक तपासणीच्या वेळी बॉयलर थंड करून, काजळी काढून, दिवा घेऊन फ्लूमध्ये रांगत जावे लागे. ज्यांनी साधा लॅप जोड आणि ॲडमसन जोड असे दोन्ही आतून पाहिले आहेत त्यांना फरक हाताला कळतो. लॅप जोडावर तळहात फिरवला की रिव्हेटच्या डोक्यांची रांग लागते, ॲडमसन जोडावर फक्त कड्याची एक गोल रेघ लागते, बाकी पत्रा साफ. हातोडीने ठोकत जाताना आम्ही कड्याच्या दोन्ही अंगांना जास्त वेळ देत असू, कारण गोलाईच्या मुळाशी पाण्याच्या बाजूने खाच पडण्याची शक्यता तिथे असते. म्हणजे जोड निर्दोष आहे असे नाही, पण दोष कुठे येणार हे तो आधी सांगून ठेवतो.

पोलादाच्या पत्र्याबद्दल एक पुस्ती. घडीव लोखंडाच्या पत्र्याला रिव्हेटची भोके पंच मारून पाडत. पोलादाच्या पत्र्याला तसे केले की भोकाभोवतीचा भाग कडक आणि ठिसूळ होतो व पुढे तिथून तडा जातो. भोके ड्रिलनेच पाडावीत, तीही पत्रे वाकवून एकमेकांवर बसवल्यानंतर, म्हणजे भोकाला भोक तंतोतंत जुळते, हा ॲडमसन यांच्या कारखान्याचा आग्रह होता. पोलाद वाईट म्हणून ज्यांनी ते टाकून दिले, त्यांतल्या कित्येकांचा दोष पत्र्यात नव्हता, हत्यारात होता.

मुक्काम स्टॉकपोर्ट

गेली बरीच वर्षे मी या भागात राहते. त्यामुळे कालव्याची बाजू मांडते. वर ‘भानगड’ असा शब्द आला आहे, तो खोटा नाही.

मँचेस्टर ही कापडाची राजधानी, पण समुद्रापासून आत. कापूस लिव्हरपूलच्या गोदीत उतरे, तिथून रेल्वेने येई, आणि तयार कापड त्याच वाटेने परत जाई. गोदीचे कर आणि रेल्वेचे दर यांबद्दल इथल्या कारखानदारांची तक्रार जुनी होती. १८७० च्या दशकाच्या अखेरीस व्यापारात मंदी आली तेव्हा ती तीव्र झाली. ॲडमसन यांचे बॉयलर आणि इंजिने म्हणजे तर टनावारी वजनाचा माल, त्यामुळे वाहतुकीचा खर्च त्यांना स्वतःच्या हिशेबात रोज दिसत असणार.

२७ जून १८८२ रोजी डिड्सबरी येथील ‘द टॉवर्स’ या आपल्या बंगल्यावर त्यांनी आसपासच्या गावांचे प्रतिनिधी, व्यापारी, राजकारणी आणि हॅमिल्टन फुल्टन व एडवर्ड लीडर विल्यम्स हे दोन अभियंते यांना बोलावले. फुल्टन यांची योजना भरती-ओहोटीच्या पाण्यावर चालणाऱ्या, बंधारे नसलेल्या कालव्याची होती. ती मान्य झाली असती तर मँचेस्टरला जहाज जमिनीच्या पातळीच्या बरेच खाली, एका खोल चरात येऊन उभे राहिले असते. विल्यम्स यांनी जहाजांना पायऱ्यापायऱ्यांनी वर उचलणाऱ्या दारांचा कालवा सुचवला आणि तोच स्वीकारला गेला.

संसदेत हे विधेयक तीनदा मांडावे लागले. १८८३ मध्ये कनिष्ठ सभागृहाच्या समितीने मान्यता दिली आणि वरिष्ठ सभागृहाने फेटाळले. १८८४ मध्ये नेमके उलटे झाले. लिव्हरपूलचे गोदी मंडळ आणि रेल्वे कंपन्या यांनी नामवंत वकील व अभियंते उभे करून प्रत्येक मुद्दा लढवला. त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा असा होता की मर्सी नदीच्या मुखात भिंती बांधून प्रवाह अडवला तर गाळ साचून लिव्हरपूलचे बंदरच निकामी होईल. हा आक्षेप पोकळ नव्हता, म्हणूनच तिसऱ्या वेळी नकाशाच बदलण्यात आला. कालवा नदीमुखात न नेता चेशायरच्या काठाकाठाने ईस्टहॅमपर्यंत नेण्याचे ठरले आणि ६ ऑगस्ट १८८५ रोजी कायदा मंजूर झाला. आज जो कालवा दिसतो त्याची वाट अशा प्रकारे विरोधकांनीही निम्मी आखलेली आहे, असे म्हणायला हरकत नाही.

कायदा मिळाला, पण ठरावीक मुदतीत भागभांडवल उभे करण्याची अट घेऊन. इथे ॲडमसन यांचा स्वभाव आडवा आला. कालवा लोकांचा असावा, गिरणी कामगारानेही त्याचा भाग (शेअर) घ्यावा, काही धनिकांच्या हाती तो जाऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. गावोगावी सभा भरल्या, टाळ्या मिळाल्या, लहान रकमा जमल्याही, परंतु लाखो पौंडांचे भांडवल टाळ्यांनी उभे राहत नाही. १८८६ मध्ये रॉथ्सचाइल्ड या बँकपेढीमार्फत भाग विकण्याचा प्रयत्नही फसला. संचालक मंडळात बड्या भांडवलदारांना स्थान देऊन फेररचना करावी, असा सल्ला आला. तो पटला नाही म्हणून ॲडमसन यांनी १८८७ च्या आरंभी अध्यक्षपद सोडले. त्यांच्या जागी टॅटनचे लॉर्ड एगर्टन आले. त्याच वर्षी बेअरिंग आणि रॉथ्सचाइल्ड या दोन्ही पेढ्यांच्या साह्याने भांडवल उभे राहिले आणि नोव्हेंबरमध्ये ईस्टहॅमला पहिली कुदळ पडली.

पुढे काय झाले ते ॲडमसन यांनी पाहिले नाही. ठेकेदार टॉमस वॉकर १८८९ च्या नोव्हेंबरात गेले, पाठोपाठ ॲडमसन गेले, पैसा पुन्हा संपला आणि मँचेस्टर महानगरपालिकेने एकूण ५० लाख पौंड कर्जाऊ देऊन काम तडीस नेले. ३६ मैलांचा कालवा १ जानेवारी १८९४ रोजी वाहतुकीस खुला झाला, मे महिन्यात राणी व्हिक्टोरियाने औपचारिक उद्‌घाटन केले आणि खर्च दीड कोटी पौंडांच्या घरात गेला.

इथले बरेच लोक ॲडमसन यांना ‘बड्यांनी बाजूला सारलेला लोकांचा माणूस’ म्हणून रंगवतात. मला हे अर्धेच खरे वाटते. अखेरीस कालवा वाचवला तो नगरपालिकेने, म्हणजे करदात्यांच्या पैशाने, त्यामुळे ‘कालवा लोकांचा’ हे त्यांचे म्हणणे एका वेगळ्या वाटेने साधले हे मान्य. पण स्वतःच्या कारखान्यात प्रत्येक पत्रा ताणून पाहणाऱ्या माणसाने भांडवलाच्या बाबतीत मात्र जनतेच्या उत्साहावर, कसलीही कसोटी न लावता, एवढा भरवसा ठेवावा याचे नवल वाटते.

‘द टॉवर्स’ ही इमारत अजून उभी आहे. ती आधी ‘मँचेस्टर गार्डियन’चे मालक जॉन एडवर्ड टेलर यांच्यासाठी बांधली गेली होती. बारा मनोरे, बावन्न खोल्या आणि ३६५ खिडक्या असल्यामुळे तिला पंचांगाचे घर म्हणतात. खिडक्या कोणी खरोखर मोजल्या असतील तर त्याने इथे जरूर कळवावे. १९२० नंतर तिथे कापूस उद्योगाची शर्ली इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था आली. आपल्याकडे कापसातला कचरा मोजण्यासाठी प्रयोगशाळांत जे ‘शर्ली ॲनलायझर’ नावाचे यंत्र असते, त्याचे नाव याच संस्थेवरून आले आहे.

निखारा

सर्वांचे मनापासून आभार. दोन उपप्रश्न आहेत. एक, ॲडमसन यांच्या कारखान्याचा मुंबईच्या गिरण्यांशी काही थेट संबंध होता का? दोन, आज नव्या बॉयलरमध्ये हा जोड का दिसत नाही? लहरी पत्र्याचा, म्हणजे नागमोडी फ्लू पाहिल्याचे आठवते, तो ॲडमसन यांचाच का?

कागदपत्रे

पहिल्या प्रश्नाबद्दल जेवढे ठामपणे सांगता येते तेवढेच सांगतो. मुंबईत ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी १८५६ मध्ये चालू झाली आणि त्यानंतर गिरणगावात जी यंत्रे आली ती मुख्यतः लँकेशायरमधूनच. बॉयलरघरांत लँकेशायर बॉयलरच असत. तो आराखडा आणि त्यातला हा जोड पुढे अनेक कारखानदार वापरू लागले होते, त्यामुळे बॉयलर लँकेशायरचा म्हणून तो ॲडमसन यांच्याच कारखान्यातला, असे समजू नये. बॉयलरवर बनवणाऱ्याच्या नावाची पाटी असे, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांचाच शब्द प्रमाण.

दुसरा संबंध उलट दिशेचा आणि अधिक दुःखद आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, कापूस येणे थांबले आणि ॲडमसन यांच्या कारखान्याभोवतीच्या ॲश्टन, स्टॅलिब्रिज, हाइड, ड्युकिनफील्ड या गावांत गिरण्या बंद पडून उपासमार झाली. मार्च १८६३ मध्ये स्टॅलिब्रिजला मदतीच्या वाटपावरून दंगल झाली. त्याच सुमारास मुंबईत कापसाच्या निर्यातीवर सोने बरसत होते आणि प्रेमचंद रायचंद यांच्या काळातली भागांची वेडी सट्टेबाजी चालली होती. लँकेशायरच्या चुली विझल्या म्हणून मुंबईच्या तिजोऱ्या भरल्या, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईच्या बँका कोसळल्या. ॲडमसन यांचे ग्राहक म्हणजे याच गिरण्या. पेनिस्टोन आणि फ्रॉडिंगहॅम येथील पोलाद व लोखंडाचे उद्योग याच वर्षांतले आहेत.

तिसरी पाळी

नागमोडी फ्लू ॲडमसन यांचा नव्हे. तो लीड्सच्या सॅमसन फॉक्स यांचा, पेटंट १८७७ चे. फॉक्स हेही लीड्स फोर्ज या लोखंड कारखान्याचे मालक. त्यांची कल्पना अशी की नळाला ठरावीक अंतरावर कडा देण्याऐवजी सगळा पत्राच लहरीदार करावा, म्हणजे ताकद आणि प्रसरणाला वाव दोन्ही सलग मिळतात. जहाजांच्या बॉयलरमध्ये दाब भराभर वाढत चालला होता, तिथे तो फार चालला. फॉक्स यांनी त्यातून अमाप पैसा मिळवला, हॅरोगेटचे महापौर झाले आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या इमारतीसाठी ४५ हजार पौंड दिले. धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर ॲडमसन यांच्यापेक्षा ते जास्त चतुर निघाले, हे माझे वैयक्तिक मत.

नव्या बॉयलरमध्ये ॲडमसन जोड कमी दिसण्याचे कारण वेल्डिंग. रिव्हेटच राहिले नाहीत तर रिव्हेटला आगीपासून वाचवण्याचा प्रश्नही उरत नाही. आजच्या पॅकेज बॉयलरमध्ये, म्हणजे कारखान्यातच पूर्ण जोडून येणाऱ्या बॉयलरमध्ये, भट्टीचा नळ एक तर आखूड असतो किंवा लहरी पत्र्याचा असतो, किंवा त्याला बाहेरून कडी वेल्ड केलेली असतात. बाहेरून कडे देण्याचे तत्त्व मात्र तेच आहे. परीक्षेत हा प्रश्न अजून विचारला जातो तो या तत्त्वासाठी, म्हणून आपल्या ओळखीच्या मुलांना सांगावे की आकृतीत कड वळवताना गोलाई दाखवा, मधले कडे वेगळ्या रेघेने काढा, आणि आग कोणत्या बाजूला व पाणी कोणत्या बाजूला हे लिहायला विसरू नका. परीक्षक आधी तेच पाहतो.